चालू दिसणारी मेलेली कनेक्शनं

इंग्लंडात विंचेस्टरजवळच्या हर्स्ली इथे आयबीएमने घडवलेलं ‘एमक्यू सिरीज’ १९९३ साली बाजारात आलं. २०२३ मध्ये त्याला तीस वर्षं झाली. मधल्या काळात दोनदा बारसं झालं: २००२ साली ‘वेबस्फिअर एमक्यू’, २०१४ पासून ‘आयबीएम एमक्यू’. काम मात्र तेच राहिलं. एका प्रोग्रामने दिलेला संदेश रांगेत जपायचा आणि दुसरा प्रोग्राम मागेल तेव्हा त्याच्या हवाली करायचा. तीस वर्षं टिकणारं सॉफ्टवेअर दुर्मीळ असतं. त्याची दुखणी ओळखणारा माणूस आता त्याहून दुर्मीळ होत चालला आहे. आज कनेक्शन अडकलं की प्रोग्राम ज्यात चालतो तो पॉड उडवला जातो, नवा उभा राहतो आणि तिकीट बंद होतं. काय अडकलं, कुठे आणि कशामुळे, हे विचारायला कोणी थांबत नाही.

दुखणं समजायला अवघड नाही. टीसीपी कनेक्शन म्हणजे दोन यंत्रांनी आपापल्या मेमरीत ठेवलेली नोंद. क्लायंटचा प्रोग्राम बंद पडला तर त्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम सॉकेट बंद करते आणि समोरच्याला तसं कळवते. पण यंत्राची वीजच गेली, केबल निघाली, किंवा वाटेतल्या फायरवॉलने आपल्याकडची नोंद गुपचूप पुसून टाकली, तर कळवणारं कोणी उरत नाही. सर्व्हर आपली नोंद धरून बसतो. त्याच्या लेखी क्लायंट जिवंतच असतो.

अशा नोंदी साफ करण्यासाठी कीप-अलाइव्ह आहे: बराच वेळ शांत असलेल्या कनेक्शनवर ‘आहेस का?’ अशी चौकशी. पण ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ या नियमावलीने ते मुळात बंद ठेवायला सांगितलं, आणि सुरू केलं तरी पहिल्या चौकशीची ठरीव मुदत दोन तासांहून कमी नसावी असं बजावलं. लिनक्सवर ठरीव आकडे आजही तेच आहेत: ७,२०० सेकंदांची शांतता, मग ७५-७५ सेकंदांनी नऊ चौकश्या. म्हणजे मेलेलं कनेक्शन मेलं असं मान्य व्हायला दोन तास अकरा मिनिटं. त्या काळच्या संथ आणि महाग जाळ्यांसाठी हा निर्णय योग्य असेल. बँकेच्या सर्व्हरवर तो पुढची दोन दशकं कोणी तपासूनही पाहू नये, हे अक्षम्य होतं. एमक्यूमध्ये तर क्यूएम डॉट आयएनआय या फाइलीत ‘कीपअलाइव्ह’ची ओळ स्वतः घालावी लागे, आणि कित्येक ठिकाणी ती नसायचीच.

नव्वदच्या दशकावर रेंगाळण्याजोगं फारसं नाही. खरी कसोटी सुरू झाली ती २००० नंतर. वायटूकेच्या कामापाठोपाठ परदेशी बँकांचं, विमा कंपन्यांचं सपोर्टचं काम पुण्या-मुंबईत आलं आणि हिंजवडीच्या इमारतींत रात्रपाळ्या लागल्या. जावाचे ॲप्लिकेशन सर्व्हर आले, एकेका क्यू मॅनेजरवर, म्हणजे रांगा सांभाळणाऱ्या एमक्यूच्या सर्व्हरवर, शेकडो क्लायंट जोडले जाऊ लागले. त्या दहा वर्षांत इथल्या माणसांनी जी विद्या कमावली, तिची नोंद कुठल्याही कंपनीच्या इतिहासात सापडणार नाही.

युनिक्सवर लिसनर आयनेटडीतून चालत असेल तर प्रत्येक क्लायंटमागे ‘एएमक्यूसीआरएसटीए’ नावाची वेगळी प्रोसेस उभी राही. ‘पीएस’ मारला की पडदाभर त्याच नावाच्या ओळी. त्यातली जिवंत कोणती आणि मेलेली कोणती? चॅनेलचं, म्हणजे एमक्यूच्या लेखी त्या कनेक्शनचं, स्टेटस काढलं तर सगळीकडे ‘रनिंग’. शेवटच्या संदेशाची तारीख मात्र चार दिवसांपूर्वीची. मग क्यू मॅनेजरच्या यंत्रावर ‘नेटस्टॅट’ पाहायचं: अमुक पत्ता, अमुक पोर्ट, ‘एस्टॅब्लिश्ड’. त्यानंतर क्लायंटच्या यंत्रावर तोच पोर्ट शोधायचा. तिथे ओळच नसली की निदान पक्कं. दोन्ही टोकं पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्या काळचा पहिला धडा होता आणि तो रात्री दोन वाजतासुद्धा पाळला जाई.

मेलेलं कनेक्शन नुसतं पडून राहत नसे, ते नुकसान करत असे. चॅनेलची ठरीव मर्यादा होती १००. मेलेल्यांनी ती भरली की लॉगमध्ये एएमक्यू९५१३ उमटे आणि जिवंत क्लायंटला २०५९ हा त्रुटी-कोड मिळून तो दारातच अडे. एखाद्या क्लायंटने रांग फक्त स्वतःसाठी उघडली असेल आणि तो तसाच नाहीसा झाला असेल, तर पुन्हा सुरू झालेल्या त्याच प्रोग्रामला २०४२ मिळे, कारण रांग अजून त्याच्याच भुताच्या ताब्यात. सर्वांत वाईट प्रकार संदेश घेण्याचा. क्लायंट सिंकपॉइंटशिवाय, म्हणजे ‘मिळाला’ असं पक्कं करण्याची अट न ठेवता, वाट पाहत बसलेला असताना मेला, तर पुढचा संदेश त्याच्या मेलेल्या सॉकेटवर पाठवला जाई आणि कायमचा हरवे. सिंकपॉइंट असेल तर संदेश वाचे, पण चॅनेल तुटेपर्यंत तो ‘अनकमिटेड’ म्हणून अडकून पडे. रांगेत एक संदेश आहे असं आकडा सांगतो आणि वाचायला गेलं तर हाती काही लागत नाही, या कोड्याने किती नवशिक्यांची झोप उडवली असेल!

सोमवारची सकाळ हा त्या दशकाचा ठरलेला प्रसंग. लंडनचं कामकाज सुरू होई तेव्हा पुण्यात दुपारच्या जेवणाची वेळ असे, आणि हमखास तेव्हाच फोन वाजे: पहिला व्यवहार २००९ देऊन पडला. २००९, म्हणजे कनेक्शन तुटलं. कारण शुक्रवारी संध्याकाळीच घडलेलं असे. वाहतूक थांबली आणि त्या काळी जिकडेतिकडे असलेल्या सिस्को पिक्स फायरवॉलने, तासभर शांत असलेली कनेक्शनं पुसून टाकण्याच्या ठरीव नियमाप्रमाणे, आपली नोंद काढून टाकली. ॲप्लिकेशन सर्व्हरच्या पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायला जपलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात, मात्र किमान एक कनेक्शन कायम ठेवायची सेटिंग, म्हणून ते मेलेलं कनेक्शन जपून ठेवलेलं. उपाय तीन होते: पूलची किमान संख्या शून्यावर आणायची, वापरात नसलेलं कनेक्शन फायरवॉलच्या मुदतीआधी सोडून द्यायचं, आणि एक कनेक्शन बिघडलेलं निघालं की नुसतं तेवढंच न टाकता सगळा पूल रिकामा करायचा. तिसरा उपाय राहिला की पुढचा व्यवहार पूलमधलं दुसरं मेलेलं कनेक्शन उचले आणि तोही पडे.

हे शोधून काढणं जितकं कठीण, त्याहून पटवणं कठीण. फायरवॉल सांभाळणारे म्हणत, आमच्याकडे काहीच अडलेलं नाही. त्यांच्या दृष्टीने ते खरंही होतं, कारण पुसलेल्या नोंदीचा मागमूस अडवलेल्या पॅकेटांच्या यादीत पहिल्यांदा दिसतच नसे. एमक्यूवाले ॲप्लिकेशनकडे बोट दाखवत, ॲप्लिकेशनवाले एमक्यूकडे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा कारभार महिनोन्‌महिने चाले. शेवटी दर रविवारी रात्री सगळं रीस्टार्ट करायचा क्रॉन जॉब लागे आणि व्यवस्थापन सुटकेचा श्वास सोडे. तो क्रॉन जॉब ही त्या दशकातली सर्वांत मोठी चूक होती. आजच्या सवयीचं मूळ तिथेच आहे.

२००८ मध्ये एमक्यूची सातवी आवृत्ती आली आणि बरंच दुखणं हलकं झालं. त्याआधी क्लायंट संदेशाची वाट पाहत बसलेला असतानाच हार्टबीट, म्हणजे एमक्यूची स्वतःची जिवंतपणाची चौकशी, जाई. आता तो दोन्ही बाजूंनी, केव्हाही जाऊ लागला. ठरीव मुदत ३०० सेकंद आणि वर ६० सेकंदांची सवलत, म्हणजे सहा मिनिटांत मेलेल्याचा पत्ता लागे. एका क्लायंटने किती चॅनेल घ्यावीत यालाही मर्यादा घालता आली. पण दोन्ही बाजूंच्या हार्टबीटसाठी कनेक्शन वाटून घेण्याची सेटिंग शून्यावर नको, आणि ‘जुनं वागणं बदलू नका’ या आग्रहापायी अनेकांनी ती शून्यावरच आणली. हाती आलेलं औषध बाटलीतच राहिलं.

नंतरची वर्षं भराभर गेली. रॅबिटएमक्यू रुजलं, काफ्का आलं, सगळं क्लाउडवर गेलं. रॅबिटएमक्यूचा हार्टबीट आधी ५८० सेकंदांचा होता, ३.५.५ आवृत्तीत ६० झाला. दुखणं तेच, फक्त वाटेतला यजमान बदलला. अझुरचा लोड बॅलन्सर चार मिनिटं शांत असलेलं कनेक्शन ठरीव सेटिंगनुसार काही न कळवता सोडून देतो. एमक्यूचा ठरीव हार्टबीट पाच मिनिटांचा. २४० सेकंदांनी तुटतं ते ३०० सेकंदांच्या हार्टबीटने जिवंत कसं राहील? एवढी वजाबाकी न केल्यामुळे आजही पॉड उडवले जात आहेत.

रीस्टार्टने सेवा लवकर परत येते आणि ग्राहक ताटकळत असताना तेच करावं लागतं, यात वाद नाही. दुःख याचं आहे की रीस्टार्टबरोबर पुरावाही जातो. चॅनेलची वेळ, सॉकेटची स्थिती, कोणत्या हँडलने रांग धरली होती, सगळं पुसलं जातं आणि तीच बिघाडाची रात्र पुढच्या महिन्यात परत येते. वीस वर्षांपूर्वी हिंजवडीत ज्यांनी ही विद्या कमावली, त्यांतले बरेच आता व्यवस्थापक आहेत. ज्यांना शिकवायला हवी होती त्या मुलांच्या हाती ‘रीस्टार्ट करा’ एवढ्या एका ओळीचं रनबुक पडलं आहे.

हे रनबुक बदलण्याचा अधिकार त्या जुन्या माणसांकडेच आहे. त्यांनी रीस्टार्टच्या ओळीआधी आणखी दोन ओळी घालाव्यात: चॅनेलचं स्टेटस आणि दोन्ही टोकांचं नेटस्टॅट फाइलीत उतरवून तिकिटाला जोडा, आणि वाटेतल्या प्रत्येक फायरवॉलची व लोड बॅलन्सरची मुदत लेखी मागवून हार्टबीट त्याहून कमी ठेवा.