परभाषेचा शिक्षक आणि त्याचें समाधान

शिक्षकाच्या धंद्याविषयीं समाजांत दोन समजुती रूढ आहेत. एक अशी कीं, हा धंदा म्हणजे मूर्तिमंत त्याग. पगार बेताचा, पण पुण्य मोठें. दुसरी अशी कीं, हा धंदा म्हणजे निव्वळ आराम. दिवसाकांठीं पांच तास काम आणि वर्षाकांठीं दोन मोठ्या सुट्या. या समजुती परस्परविरुद्ध असल्या तरी दोहोंत एक दोष समान आहे. शिक्षकाला स्वतःच्या कामांत समाधान कशानें लाभतें, याचा विचार दोहोंतही नाहीं. वास्तविक हा प्रश्न केवळ शिक्षकाच्या घरापुरता नाहीं. विटलेल्या मनानें शिक्षक वर्गांत आला, तर त्याचा भुर्दंड चाळीस मुलांना पडतो. आणि तोही एका दिवसाचा नव्हे, साऱ्या वर्षाचा.

या प्रश्नाची धार सर्वांत अधिक जाणवते ती परभाषा शिकविणाऱ्याच्या बाबतींत. येथें परभाषा म्हणजे काय, हें आधीं स्पष्ट केलें पाहिजे. पुण्यामुंबईचा मुलगा इंग्रजीच्या तासाहून बाहेर पडला तरी इंग्रजी त्याची पाठ सोडीत नाहीं. दुकानाच्या पाटीवर, कचेरीच्या कागदांत, औषधाच्या बाटलीवर ती त्याला भेटतेच. जपानांत तसें नाहीं. तेथें राज्यकारभार, न्यायदान, व्यापार आणि विद्यापीठांतील बहुतेक अध्यापन हें सर्व जपानी भाषेंत चालतें. शाळेची घंटा झाली कीं इंग्रजीचा दिवस मावळला. अशा देशांत इंग्रजी ही खऱ्या अर्थानें परभाषा होय, आणि ती शिकविणाऱ्याचें सुखदुःख पाहावयाचें तर जपानसारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल.

१८९० सालीं लाफ्कादियो हर्न नांवाचे गृहस्थ जपानांत उतरले. जन्म ग्रीसमधला, बाळपण आयर्लंडांतलें, उमेदीचीं वर्षें अमेरिकेंतील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत गेलेलीं. त्याच वर्षीं मात्सुए या आडबाजूच्या गांवीं इंग्रजीचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. विद्यार्थी सुटीच्या दिवशीं त्यांच्या घरीं येत, गांवच्या चालीरीति सांगत, घरांतील जुन्या वस्तु दाखवावयास आणीत. हर्न त्यांना निबंध लिहावयास देत आणि त्या मोडक्यातोडक्या इंग्रजींतून मुलांचें मन वाचीत. १८९४ सालीं निघालेल्या त्यांच्या ग्रंथांत ‘एका इंग्रजी शिक्षकाच्या दैनंदिनींतून’ अशा अर्थाच्या मथळ्याचें एक दीर्घ प्रकरण आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधांतील उतारे त्यांत मोठ्या कौतुकानें दिलेले आहेत. आपल्या कामांत रमलेला शिक्षक कसा असतो, हें त्या प्रकरणांत पाहावें.

पुढें पांच वर्षांनीं, १८९५ सालीं, नात्सुमे सोसेकी नांवाचे तरुण पदवीधर शिकोकु बेटावरील मात्सुयामा येथील माध्यमिक शाळेंत इंग्रजी शिकवूं लागले. टोकियोच्या विद्यापीठांत त्यांनीं इंग्रजी वाङ्मयाचें अध्ययन केलेलें होतें. पगार दरमहा ८० येन, म्हणजे खुद्द मुख्याध्यापकांहूनही अधिक. तथापि वर्षभरांतच त्यांनीं तें गांव सोडलें. नंतर कुमामोतो येथील उच्च विद्यालयांत अध्यापन, सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनचें वास्तव्य आणि १९०३ पासून टोकियो विद्यापीठांतील व्याख्यातेपद, अशा पायऱ्या ते चढत गेले. पण मन कोठेंच रमलें नाहीं. अखेर १९०७ सालीं विद्यापीठाची मानाची जागा सोडून ते असाही या वृत्तपत्राकडे कादंबऱ्या लिहावयास गेले आणि जपानचे अग्रगण्य कादंबरीकार झाले. १९१४ सालीं विद्यार्थ्यांपुढें केलेल्या एका भाषणांत त्यांनीं आपल्या त्या जुन्या मनःस्थितीचें वर्णन करतांना धुक्यांत कोंडलेल्या माणसाची उपमा दिली. योगायोग असा कीं, कुमामोतोच्या त्याच विद्यालयांत सोसेकींच्या पूर्वीं हर्न शिकवीत होते, आणि टोकियो विद्यापीठांतून हर्न गेले तेव्हां त्यांच्या जागीं जे आले त्यांत सोसेकी होते.

हा सारा स्वभावाचा भेद आहे, असें कोणी म्हणेल. सोसेकी यांच्यापुरतें तें खरेंही असेल. परंतु हर्न यांचाच पुढील अनुभव त्या उत्तराच्या आड येतो. १८९१ सालीं ते मात्सुएहून कुमामोतोला गेले. पगार दुप्पट झाला. पण तेथील विद्यार्थी वयानें मोठे आणि अबोल होते. सहकाऱ्यांशीं मोकळें बोलणें जवळजवळ नव्हतें. मात्सुएचा आनंद त्यांना तेथें पुन्हा मिळाला नाहीं. माणूस तोच, विषय तोच, पगार दुप्पट; तरी समाधान पूर्वीहून कमी. तेव्हां या कोड्याचें उत्तर स्वभावांत किंवा पगारांत न शोधतां कामाच्या घडणींतच शोधलें पाहिजे.

असा शोध पुढें शास्त्रीय रीतीनें झालेला आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्या दोन सहकाऱ्यांसह पिट्सबर्ग शहराच्या परिसरांतील सुमारें २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारलें कीं, कामावर असतां तुम्हांला विशेष आनंद केव्हां झाला आणि विशेष खेद केव्हां झाला. १९५९ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा कीं, आनंदाचीं आणि खेदाचीं कारणें एकमेकांच्या उलट नसून निराळींच असतात. खेद होतो तो अपुरा पगार, जाचक नियम, वरिष्ठांची वागणूक अशा गोष्टींनीं. आनंद होतो तो कांहींतरी साधल्याच्या जाणिवेनें, लोकांनीं तें ओळखल्यानें, अंगावर जबाबदारी आल्यानें आणि खुद्द कामाच्या गोडीनें. या सिद्धान्तावर नंतर पुष्कळ वाद झाले, पण त्यांतील भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. गळकें छप्पर शाकारलें म्हणजे पावसाचा त्रास थांबतो. परंतु तेवढ्यानें चुलीवर अन्न शिजत नाहीं.

छप्पर गळूं लागलें म्हणजे काय होतें, हें जपाननें २००७ सालीं पाहिलें. इंग्रजी संभाषण शिकविणाऱ्या खासगी वर्गांची नोवा ही तेथील सर्वांत मोठी संस्था त्या वर्षाच्या आक्टोबरांत कोसळली. कित्येक हजार परदेशी शिक्षकांचे पगार थकले. अनेकांचीं घरेंही संस्थेमार्फत घेतलेलीं असल्यानें राहत्या जागेचा प्रश्न उभा राहिला. शेवटीं शिक्षकांच्या संघानें ‘जेवणाच्या मोबदल्यांत धडे’ अशी योजना काढली. पोटाची अशी विवंचना असतां समाधानाच्या गोष्टी बोलणें ही थट्टा होईल. म्हणून पगाराचें महत्त्व कोणी नाकारूं नये. मात्र पगार मिळाला म्हणजे समाधानही आपोआप मिळेल, हें अनुमान चुकीचें आहे.

शिक्षकांच्या बाबतींत यापुढचा विचार डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञानें १९७५ सालीं मांडला. बोस्टन शहराच्या आसपासच्या पांच गांवांतील ९४ शिक्षकांच्या त्यानें दीर्घ मुलाखती घेतल्या. शिक्षकाची खरी मिळकत मानसिक असते आणि ती त्याला विद्यार्थ्यापासूनच मिळते, असें त्यास आढळून आलें. मुलाला कालपर्यंत जें येत नव्हतें तें आज आलें, हें आपल्या डोळ्यांनीं पाहणें, ही ती मिळकत. त्याचबरोबर लॉर्टीनें तिची अनिश्चितताही दाखविली. सुताराला आपली खुर्ची दिसते. शिक्षकाला आपलें काम पुरतें झालें कीं नाहीं हें ठामपणें कधींच कळत नाहीं.

आतां परभाषेच्या शिक्षकाची अडचण ध्यानांत येईल. गणिताच्या शिक्षकाला उदाहरण सुटलेलें दिसतें. मातृभाषेच्या शिक्षकाला मुलाचा निबंध सुधारलेला दिसतो. परंतु भाषेचें फळ म्हणजे बोलणें, आणि तें बोलणें वर्गाबाहेर व्हावयाचें असतें. जपानांतील मुलाला वर्गाबाहेर इंग्रजी बोलण्याचा प्रसंगच फारसा येत नाहीं. म्हणून पेरणी शिक्षकाच्या डोळ्यांदेखत होते, पण पीक आलें तर तें दूर कोठेंतरी, कित्येक वर्षांनीं. मग जवळचें माप म्हणून उरते ती प्रवेशपरीक्षा. या परीक्षांच्या छायेंत जपानी शाळांतून ‘याकुदोकु’ नांवाची पद्धति दीर्घकाळ नांदली. इंग्रजी वाक्याचा शब्दशः अर्थ लावावयाचा, शब्दांचा क्रम फिरवून त्याचें जपानी वाक्य करावयाचें आणि तें समजावून द्यावयाचें, ही ती पद्धति. तिच्यानें गुण मिळतात; पण मुलाच्या तोंडीं भाषा बसत नाहीं, आणि शिक्षकाच्या कानीं स्वतःच्या श्रमाचें फळ पडत नाहीं.

ही उणीव दूर व्हावी म्हणून जपान सरकारनें १९८७ सालीं मोठी योजना सुरू केली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा तरुण पदवीधरांना शाळांतून साहाय्यक शिक्षक नेमावयाचें, अशी ती योजना. ‘जेट’ या नांवानें ती ओळखली जाते. पहिल्या वर्षीं चार देशांतून ८४८ तरुण आले. पुढें ही संख्या वर्षाला ५ हजारांवर गेली. एकाच वर्गांत दोन शिक्षक उभे राहूं लागले. एक जपानी, एक परदेशी. पाहुण्याची भाषा अस्सल, पगार चांगला, मुलांचें कुतूहलही त्याच्याभोंवतीं. परंतु वर्गाची जबाबदारी त्याची नव्हे. अभ्यासक्रम, परीक्षा आणि गुण हें सर्व जपानी शिक्षकाच्या हातीं. कांहीं साहाय्यकांना इतक्या शाळा फिराव्या लागत कीं, मुलांचीं नांवेंही पाठ होत नसत. पाठ्यपुस्तकांतील उतारा मोठ्यानें वाचावयाचा आणि मुलांनीं मागाहून म्हणावयाचा, एवढेंच ज्यांच्या वांट्याला आलें, ते स्वतःला ‘मनुष्यरूपी ध्वनिमुद्रण यंत्र’ म्हणूं लागले. शिवाय नोकरीची मुदत जास्तींत जास्त पांच वर्षें. तेव्हां लावलेलें झाड वाढलेलें पाहण्याची संधि थोडीच.

जपानी शिक्षकाची स्थिति नेमकी उलट. जबाबदारी सर्व त्याची, परंतु शेजारीं अस्सल उच्चाराचा तरुण उभा असल्यानें आपल्याच वर्गांत आपण उणे, असा संकोच त्याच्या मनांत शिरे. पीटर मेद्येश या हंगेरियन अध्यापकानें १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या संकोचाचा विचार केला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, ज्यानें ती भाषा स्वतः कष्टानें मिळविली, त्यालाच शिकणाऱ्याच्या अडचणी आंतून ठाऊक असतात. जो नदी पोहून आला त्याला भोंवरे कोठें आहेत हें सांगतां येतें. जो पलीकडच्या तीरावरच जन्मला त्याला तें सांगतां येईलच असें नाहीं. हें ज्या शाळांनीं ओळखलें आणि दोघांना पाठ आधीं एकत्र बसून ठरविण्याची संधि दिली, तेथें दोघांच्याही कामाला अर्थ येतो. जेथें ती संधि मिळत नाहीं, तेथें एकाला जबाबदारीविना भाषा आणि दुसऱ्याला आत्मविश्वासाविना जबाबदारी, अशी विभागणी होते. अशा विभागणींत दोघेही उपाशी राहतात.

ही संधि मिळण्यास वेळ हवा, आणि नेमका तोच नाहीं. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनें २०१८ सालीं अनेक देशांतील शिक्षकांची पाहणी केली. तींत कनिष्ठ माध्यमिक शाळांतील सर्व विषयांच्या जपानी शिक्षकांचें काम आठवड्याला सरासरी ५६ तास भरलें. पाहणींतील देशांची सरासरी ३८.३ तास होती. पण प्रत्यक्ष शिकविण्याचा वेळ पाहिला तर जपानांत १८ तास आणि इतरत्र सरासरी २०.३ तास. म्हणजे सर्वांत अधिक राबणारा हा शिक्षक शिकविण्याचें काम मात्र इतरांहून कमीच करतो. उरलेला वेळ कागदपत्रांत आणि शाळेनंतरच्या क्रीडामंडळांत जातो. या मंडळांसाठींच आठवड्याला ७.५ तास. त्यांत १९७१ च्या कायद्यानें जादा तासांचा मोबदला न देतां मूळ वेतनाच्या ४ टक्के ठराविक भर देण्याची रीति पडली. २०२५ सालीं कायदा सुधारून हा भर टप्प्याटप्प्यानें १० टक्क्यांवर नेण्याचें ठरलें. हें योग्यच झालें. पण ही छपराची शाकारणी आहे. जो वेळ शिक्षकाला मुलाजवळ नेईल, तो पैशानें भरून निघत नाहीं.

इतिहासांत याहून हितावह मार्गाचें उदाहरण जपानांतच सांपडतें. हॅरल्ड पामर हे इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञ १९२२ सालीं जपानच्या शिक्षणखात्याचे सल्लागार म्हणून टोकियोस आले आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाची संस्था उभारली. १९३६ पर्यंत ते तेथें होते. मुलांनीं आधीं ऐकावें, बोलावें आणि मग वाचावें, हा त्यांचा आग्रह परीक्षांपुढें पुरता टिकला नाहीं. परंतु संस्थेच्या पत्रिकेमुळें आणि वार्षिक संमेलनांमुळें गांवोगांवचे शिक्षक एकमेकांना भेटूं लागले, पाठ दाखवूं लागले, अडचणी बोलूं लागले. कुमामोतोच्या हर्न यांना जें मिळालें नाहीं, तें यांना थोडेंबहुत मिळालें. दूरच्या पिकाची वाट पाहणाऱ्याला शेजारच्या शेतकऱ्याची सोबत मोठी असते.

सारांश, परभाषेच्या शिक्षकाचें समाधान तीन गोष्टींवर अवलंबून आहे. वर्ग आपला आहे ही जबाबदारी, मुलांना ओळखण्याइतका वेळ, आणि फळ दिसेल असें जवळचें माप. या मापाच्या बाबतींत सुशिक्षित घरांनाही कांहीं करतां येईल. मुलगा परीक्षेहून घरीं आला म्हणजे किती गुण पडतील, एवढेंच विचारलें जातें. नव्या भाषेंत आज तूं स्वतःचें असें काय बोललास, हेंही एकदां विचारावें, आणि त्याचें उत्तर शिक्षकाच्या कानीं घालावें. पाठांतरांतलें नव्हे, पुस्तकांतलें नव्हे, असें एखादें वाक्य मुलाच्या तोंडून चुकतमाकत बाहेर पडतें, तेव्हां तें ऐकावयास शिक्षक जवळ असला पाहिजे. एवढें झालें तरी त्याच्या वर्षाच्या श्रमांचें बरेंच सार्थक होतें.