पेडगावला नेमकं जातं कोण?

परभणीहून मनमाडच्या दिशेने निघालं की मानवत रोडच्या अलीकडे पेडगाव नावाचं छोटं स्टेशन लागतं. गाव खरं, स्टेशन खरं, तिथे उतरणारी माणसंही खरी. बाजार आणि दवाखाना आटोपून ती पेडगावला परततात, आणि त्यांतल्या कुणीही वेड पांघरलेलं नसतं. त्याच वेळी महाराष्ट्रात कुठेतरी, समोर आलेलं काम न कळल्यासारखं करणाऱ्याबद्दल कुणीतरी म्हणत असतं, ‘त्याला सगळं कळतं, वेड पांघरून पेडगावला चाललाय!’ या पेडगावला ना स्टेशन ना तिकीट, तरी ऐकणारा क्षणभरही अडखळत नाही. हे न अडखळणं मला भाषेतलं फार मोठं नवल वाटतं. इंग्रजी वाचताना आपली मुलं जिथे अडतात, तिथलं कुलूपही याच किल्लीने उघडतं.

आपल्या वाक्प्रचारातलं पेडगाव परभणीचं नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं, भीमेकाठचं, असं बहुतेक जण मानतात. तिथे बहादूरगड आहे आणि एके काळी मोगल सरदार बहादूरखान कोकलताशाची छावणी होती. १६७४ साली, शिवराज्याभिषेकानंतर, मराठ्यांच्या लहान तुकडीने हूल देऊन मोगली फौजेला दूरवर ओढत नेलं आणि मोठ्या तुकडीने मागे उघडी पडलेली छावणी लुटली, अशी हकिकत सांगतात. वाक्प्रचार तिच्यातूनच निघाला, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. कदाचित ‘वेड’ला ‘पेड’ जुळलं, एवढंच कारण असेल. हे कारण क्षुल्लक समजू नका. २००० साली मॅकग्लोन आणि तोफिघबख्श या दोन संशोधकांनी लोकांना इंग्रजी सुवचनं वाचायला दिली, काही यमक जुळलेली आणि काही त्याच अर्थाची पण यमक मोडलेली. यमक जुळलेली वचनं लोकांना अधिक खरी वाटली! कानाला पटलेलं मनालाही पटतं.

आता या वाक्प्रचाराकडे जरा जवळून पाहा. मराठीत खरं वेड ‘लागतं’. ते ‘त्याला’ लागतं, तो काही करत नाही. पण सोंगाचं वेड माणूस स्वतः ‘घेतो’ किंवा ‘पांघरतो’. चादर पांघरावी तसं, मनात येईल तेव्हा काढून ठेवता येईल असं. म्हणजे ढोंगाचा सगळा अर्थ त्या एका क्रियापदात बसला आहे. ‘पांघरून’ ऐकताच आत शहाणा माणूस जागा आहे, हे आपल्याला कळतं.

आणि आता शेक्सपिअर. हॅम्लेट आपल्या मित्रांना आधीच बजावून ठेवतो की मी वेड्यासारखा वागलो तरी तुम्ही गुपित फोडू नका. तिथे त्याने वापरलेलं क्रियापद आहे ‘पुट ऑन’. कोट अंगात घालण्याचं! आजही इंग्रजीत उसना आव आणण्याला ‘पुट ऑन’ म्हणतात. लंडन आणि भीमाकाठ यांच्यात कसलीही देवाणघेवाण नसताना दोन्ही भाषांनी खोट्या वेडाला अंगावरचं वस्त्र केलं. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८०च्या ‘मेटाफर्स वी लिव्ह बाय’ या पुस्तकात हेच दाखवलं की रूपक हा कवींचा दागिना नाही, आपला रोजचा विचारच रूपकांतून चालतो. आपण वेळ ‘खर्च’ करतो, ‘वाचवतो’, ‘वाया घालवतो’. इंग्रजही तेच करतात.

इंग्रजांचं स्वतःचं एक पेडगावही आहे. सोळाव्या शतकात तिथे वेड्याचं सोंग घेऊन भीक मागणाऱ्यांना ‘अब्राहम मॅन’ म्हणत. लंडनच्या बेडलम या वेड्यांच्या इस्पितळातल्या एका विभागावरून हे नाव पडल्याचं सांगतात. पुढे खलाशांनी त्यावरून आजारपणाचं ढोंग करण्याला ‘शॅम अब्राहम’ म्हणायला सुरुवात केली. खुद्द ‘बेडलम’ शब्दाचा अर्थ आज नुसता गोंधळ, गदारोळ असा उरला आहे. एखाद्याला वाळीत टाकलं की त्याला ‘कॉव्हेंट्रीला पाठवलं’ म्हणतात. कॉव्हेंट्री हे तर नांदतं शहर आहे.

एकच नाव खऱ्या गावालाही चालतं आणि वाक्प्रचारातही, मग मेंदू गोंधळत कसा नाही? पूर्वी समजूत अशी होती की आपण आधी शब्दशः अर्थ लावतो, तो बसला नाही की लाक्षणिक अर्थाकडे वळतो. रेमंड गिब्ज यांनी १९८० साली हे तपासलं. संदर्भ हाताशी असेल तर ओळखीच्या वाक्प्रचाराचा लाक्षणिक अर्थ लोकांना शब्दशः अर्थापेक्षाही लवकर लागत होता. अख्खा वाक्प्रचार मनात एका शब्दासारखा राहतो. पण ही झाली मातृभाषेची गोष्ट. अ‍ॅना चेश्लित्स्का यांनी २००६ साली इंग्रजी शिकणाऱ्या पोलिश लोकांवर प्रयोग केले, तेव्हा त्यांच्या मनात आधी शब्दशः अर्थच जागा होत असल्याचं दिसलं. म्हणून मराठी माध्यमातल्या मुलाला ‘किक द बकेट’ वाचताना मरण दिसत नाही, बादली दिसते. त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. नव्या भाषेत मन असंच चालतं.

त्यातही सगळे वाक्प्रचार सारखे बंद नसतात. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणं. इथे बीन्स हे गुपित आणि सांडणं हे फोडणं, अशी जोडी लागते. म्हणून इंग्रजीत ‘बीन्स सांडले गेले’ असं वाक्य फिरवलं तरी अर्थ टिकतो. ‘बादली लाथाडली गेली’ म्हटलं की मरण गायब, खरीच बादली उरते! कारण त्या बादलीला स्वतःचा काही अर्थच नाही. आपल्या वाक्प्रचारात दोन्ही तऱ्हा शेजारी नांदतात. ‘वेड पांघरणं’ विचार करून उलगडतं, ‘पेडगाव’ मात्र कितीही विचार केला तरी उलगडत नाही. त्याच्या जागी मानवत घालून बघा, वाक्य लगेच मरतं.

नवी भाषा शिकणाऱ्याने म्हणून वाक्प्रचाराचा कोणता तुकडा उघडतो आणि कोणता उघडत नाही, हे आधी चाचपावं. उघडणारा तुकडा तर्काने मिळतो, न उघडणारा पुन्हा पुन्हा कानावर पडूनच येतो, आणि तो यादी पाठ करण्यापेक्षा गोष्टीतून, संवादातून लवकर येतो. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५च्या आपल्या बोलीकोशात ‘किक द बकेट’ नोंदवलं. कुणी म्हणतं ती बकेट म्हणजे कापलेलं डुक्कर टांगायची तुळई, कुणी आणखी काही सांगतं. इंग्रजी घरात जन्मलेल्या मुलालाही त्याचं मूळ ठाऊक नसतं. त्याने ते फक्त मोठ्यांच्या तोंडून, कुणाच्या तरी जाण्याच्या बातमीसोबत ऐकलेलं असतं.