तेहतीस फुटांची साखळी

बांध कोरायला फार काही लागत नाही. दर नांगरटीला शेवटचं तास बांधाला थोडं घासून घ्यायचं. काही वर्षांनी मोजणीचा अर्ज पडतो, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात आणि भूकरमापक शेतात येतो. हल्ली त्याच्याकडे रोव्हर असतो, उपग्रहांच्या आधाराने सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारा. पण खरी मदार असते सोबतच्या टिपणावर.

टिपण म्हणजे मूळ मोजणीचं हातरेखाटन. मधून आधाररेषा, तिच्यावरून दोन्ही अंगांना लंब आणि प्रत्येक रेषेला साखळी-आण्यांतला आकडा. ते प्रमाणात काढलेलं नसतं. कागदावर ऐसपैस दिसणारा कोपरा जागेवर चिंचोळा निघतो. म्हणून आकारावर जायचं नाही, आकडे वाचायचे. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद, की झाला गुंठा: १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. प्लॉट विकणारा एजंट आजही याच हिशेबाने बोलतो. साखळी त्याने जन्मात पाहिलेली नसते.

या पद्धतीची घडी इंदापूर तालुक्यात बसली. इंग्रज अधिकारी प्रिंगलची आधीची पाहणी फसली होती. मोजणीत गफलती, आकारणी जड, शेतकरी जमिनी टाकून निघाले. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी कामाला नव्याने हात घातला. सर्व्हे नंबर पडले, सारा ३० वर्षांसाठी ठरला. हेतू वसुलीचा होता. भाऊबंदकीचे तंटे मिटवणं सरकारच्या गावीही नव्हतं. तरी आज तंटा त्याच कागदांवर येऊन ठेपतो.

हद्दीच्या निशाण्या राखणं ही १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार जमीनधारकाची जबाबदारी. प्रत्यक्षात हद्दीचा दगड गोठ्याच्या पायरीलाही लागतो. मग रोव्हर कितीही अचूक असो, टिपणातले आकडे जमिनीवर बसवायला पक्का आधार शोधताना भूकरमापकाचा घाम निघतो. मोजणीचा निकाल पटला नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठाकडून फेरमोजणी, मागता येते. खुणा दाखवल्या की भूकरमापकाचं काम संपतं. अतिक्रमण हटवून ताबा देणं त्याच्याकडे नाही.

जमीन घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं: सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द नसते. व्यवहाराआधी हद्द कायम मोजणी करून घ्या, मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात घ्या आणि खुणा दाखवताना शेजाऱ्यालाही बोलवा.