दोन नगरे, तीन दिवस

प्रास्ताविक

प्रवासवर्णने आपण आवडीने वाचतो. प्रवासी काय पाहून आला, हे त्यांतून कळते. परंतु प्रवासाला निघण्यापूर्वी त्याला एक निर्णय घ्यावा लागतो. वेळ थोडा असेल तर तो निर्णय अधिक कठीण होतो. प्रस्तुत पाठात मध्य युरोपातील व्हिएन्ना आणि प्राग या दोन शहरांची तुलना करून असा निर्णय कसा घ्यावा, हे सांगितले आहे. लेखकाने तुलनेसाठी कोणते मुद्दे निवडले आहेत आणि त्यांवरून तो निष्कर्षापर्यंत कसा येतो, याकडे वाचताना लक्ष द्या.

मूळ पाठ

नोकरी, शिक्षण किंवा मुलाबाळांची भेट अशा निमित्तांनी भारतातून युरोपात जाणारे लोक आज पुष्कळ आहेत. तेथील मुक्कामात कधीतरी जोडून सुट्ट्या येतात आणि तीन मोकळे दिवस हाती लागतात. नकाशा उघडला की ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना आणि चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग ही दोन नावे जवळजवळ दिसतात. या शहरांमधील अंतर आगगाडीने सुमारे चार तासांचे आहे. साहजिकच मनात येते, की दोन्ही शहरे पाहून घ्यावीत. पुन्हा येणे होईल की नाही, कोण जाणे! अनेकांच्या बाबतीत ही शंका खरी असते. साठवलेले पैसे आणि मिळालेली रजा पुन्हा जुळून येईलच, असे नाही. म्हणूनच ही निवड विचारपूर्वक करायला हवी.

प्रथम एक हिशेब करू. तीन दिवसांत दोन शहरे पाहायची ठरवली, तर आगगाडीचे चार तास, त्याआधी सामान आवरून स्थानकावर जाण्याचा वेळ आणि नव्या शहरात पोहोचून निवासस्थान शोधण्याचा वेळ, असा जवळजवळ एक पूर्ण दिवस खर्ची पडतो. डिसेंबरात तर दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसाचा प्रकाश जेमतेम आठ तास मिळतो. मग प्रत्येक शहराच्या वाट्याला एकेक धावता दिवस येतो. अशा दिवसातून छायाचित्रे मिळतात, परंतु शहराची ओळख होत नाही. तेव्हा एकच शहर निवडणे शहाणपणाचे ठरते.

एका घराण्याच्या दोन राजधान्या

ही शहरे एकमेकांना परकी नाहीत. हाब्सबर्ग घराण्याची सत्ता दोन्ही शहरांवर शतकानुशतके होती. सम्राट दुसरा रुडॉल्फ याने १५८३ मध्ये आपला दरबार व्हिएन्नाहून प्रागला नेला. १६१२ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यानंतर दरबार पुन्हा व्हिएन्नाला गेला. पुढे बोहेमियातील सरदारांनी सम्राटाविरुद्ध उठाव केला. १६२० मध्ये प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत त्यांचा पराभव झाला आणि पुढच्या वर्षी उठावाच्या सत्तावीस नेत्यांना प्रागच्या जुन्या चौकात देहदंड देण्यात आला. त्या चौकाच्या फरशीत बसवलेले सत्तावीस क्रूस आजही त्यांची आठवण देतात.

या घटनांचे परिणाम दोन्ही शहरांच्या बांधणीत दिसतात. सत्ता व्हिएन्नात एकवटली, तसे राजवाडे, संग्रहालये आणि नाट्यगृहे तेथे उभी राहिली. प्रागमध्येही सरदारांचे नवे वाडे आणि चर्च बांधले गेले, परंतु शहराचा मध्यभाग मोडून तेथे साम्राज्याच्या वैभवाला साजेसा राजमार्ग काढण्याचा प्रसंग आला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यू वस्तीचा मोठा भाग पाडला गेला, हा त्याला महत्त्वाचा अपवाद होय. एरवी मध्ययुगातील गल्ल्या, पूल आणि चौक बऱ्याच अंशी जागच्या जागी राहिले. दोन शहरांच्या स्वभावातील भेद समजून घेण्यासाठी हा इतिहास उपयोगी पडतो.

व्हिएन्ना : दालनांचे शहर

१६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, तेव्हा तटबंदीने शहराचे रक्षण केले. पुढे या तटाची गरज उरली नाही. सम्राट फ्रान्झ योझेफ याने १८५७ मध्ये तो पाडण्याची आज्ञा दिली आणि त्या मोकळ्या जागेवर रिंगश्ट्रासे हा पाच किलोमीटरहून अधिक लांबीचा रुंद मार्ग तयार झाला. संगीतिकागृह, संसदभवन, विद्यापीठ आणि कलासंग्रहालय या मार्गावर ओळीने उभे आहेत. ट्राममध्ये बसूनही या इमारतींचे बाह्यरूप पाहता येते. मात्र व्हिएन्नाचे खरे धन या इमारतींच्या आत आहे.

१८९१ मध्ये खुल्या झालेल्या कलासंग्रहालयात ब्रूगेल या चित्रकाराच्या चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह आहे. शेतकऱ्यांचे लग्न, बर्फातून परतणारे शिकारी अशी सामान्य माणसांची चित्रे सम्राटांनी हौसेने जमवली होती. बेल्वेडेर राजवाड्यात क्लिम्टचे 'चुंबन' हे चित्र आहे. शोनब्रुन राजवाड्यात चौदाशेहून अधिक खोल्या आहेत. त्यांपैकी मोजक्याच पाहता येतात, पण भोवतालच्या विस्तीर्ण उद्यानात विनामूल्य फिरता येते.

संगीताचे नाते याहूनही जवळचे आहे. मोत्झार्टने आयुष्याची शेवटची दहा वर्षे येथे काढली. बेथोव्हेन १७९२ मध्ये या शहरात आला आणि १८२७ मध्ये येथेच मरण पावला. १८६९ मध्ये उघडलेले संगीतिकागृह मार्च १९४५ मधील बॉम्बहल्ल्यात जळाले. दहा वर्षांनंतर, १९५५ मध्ये, ते पुन्हा सुरू झाले. तेथे उभे राहून कार्यक्रम पाहणाऱ्यांसाठी स्वस्त तिकिटे असतात, त्यामुळे बेताचे पैसे असलेल्या माणसालाही उत्तम संगीत ऐकता येते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तेथील प्रयोग बंद असतात.

थकल्यावर कॉफीगृहात बसावे. तेथे कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो, वाचायला वर्तमानपत्रे असतात आणि एका कॉफीवर बराच वेळ बसलेल्या गिऱ्हाइकाला कोणी उठवत नाही. तासन्‌तास बसणे हाही या शहराच्या दर्शनाचाच एक भाग आहे.

प्राग : रस्त्यांचे शहर

प्रागचे रूप घडवणारा राज्यकर्ता म्हणजे चौदाव्या शतकातील सम्राट चौथा चार्ल्स. त्याने १३४८ मध्ये येथे विद्यापीठ स्थापन केले आणि १३५७ मध्ये व्लटावा नदीवर दगडी पुलाचे काम सुरू केले. सोळा कमानींचा, पाचशे मीटरहून थोडा अधिक लांब असा हा चार्ल्स पूल आज केवळ पादचाऱ्यांसाठी आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना संतांचे तीस पुतळे व पुतळ्यांचे समूह आहेत. दुपारी पुलावर इतकी गर्दी होते, की पुतळ्यांकडे मान वळवून पाहणेही कठीण जाते. सूर्योदयाच्या सुमारास गेलेल्याला मात्र पूल, नदी आणि पलीकडच्या टेकडीवरचा किल्ला एकत्र दिसतो. त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

जुन्या नगरभवनावरील खगोलीय घड्याळ १४१० मधील आहे. त्याच्या तबकडीवर सूर्य आणि चंद्र यांची स्थाने दिसतात. दिवसा दर तासाला येशूच्या शिष्यांच्या मूर्ती वरच्या खिडक्यांतून पुढे सरकतात. किल्ल्यातील सेंट व्हायटस कॅथीड्रलचे बांधकाम १३४४ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये पूर्ण झाले.

प्रागच्या रस्त्यांवर दुःखाच्याही खुणा आहेत. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार ज्यू स्त्रीपुरुषांची नावे हाताने लिहिलेली आहेत. नावे वाचता वाचता एक भिंत संपते आणि दुसरी सुरू होते. वेन्सेस्लास चौकात ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे आले होते. त्याच चौकात नोव्हेंबर १९८९ मध्ये लाखो नागरिक जमले आणि रक्तपात न होता राजवट बदलली. हा सारा इतिहास पायी चालत, एका दिवसाच्या टप्प्यात वाचता येतो.

निवडीचे चार प्रश्न

आता निर्णयाकडे वळू. त्यासाठी स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न ऋतूचा. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक असते आणि अंधार लवकर पडतो. अशा वेळी संग्रहालये, संगीत आणि कॉफीगृहे असलेले व्हिएन्ना अधिक समाधान देते. मे-जूनमध्ये दिवस पंधरा-सोळा तासांचा असतो. तेव्हा प्रागच्या गल्ल्यांतून फिरण्यात खरा आनंद आहे.

दुसरा प्रश्न सोबत्यांचा. व्हिएन्नाचा मध्यभाग बहुतांशी सपाट आहे. प्रागमध्ये चढ आहेत आणि दगडी फरसबंदी पायांना बोचते. किल्ल्याजवळ ट्राम जाते, पण पुढे चालणे चुकत नाही. गुडघे दुखणारे आईवडील बरोबर असतील, तर हा मुद्दा सौंदर्याहून मोठा ठरतो.

तिसरा प्रश्न पैशांचा. जेवण आणि शहरातील प्रवास यांचा खर्च प्रागमध्ये सामान्यतः कमी येतो. व्हिएन्नात प्रत्येक संग्रहालयाचे वेगळे तिकीट असते. चेक प्रजासत्ताकाचे चलन कोरुना आहे, युरो नव्हे. रस्त्यावर कोणी चलन बदलून देऊ लागला, तर ते घेऊ नये. व्हिएन्नात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे.

चौथा प्रश्न मनाचा. या शहराशी आपले आधीचे काही नाते आहे का? मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवणारे संस्कृत पंडित गेऑर्ग ब्यूलर १८८१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक झाले. रवींद्रनाथ ठाकूर १९२१ आणि १९२६ मध्ये प्रागला गेले होते आणि तेथील एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. काफ्काच्या कथा वाचलेल्या माणसाला त्याचे जन्मगाव प्राग ओळखीचे वाटेल. असा एखादा धागा हाती असेल, तर अनोळखी शहरही लवकर आपलेसे होते.

भारतातून थेट जाणाऱ्यांनी हा निर्णय लवकर घ्यावा. हे दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत, त्यामुळे अल्प मुक्कामाचा एकच व्हिसा दोन्हीकडे चालतो. परंतु ज्या देशात अधिक दिवस राहायचे, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. किमान तीस हजार युरोंचा प्रवासविमाही काढावा लागतो. म्हणजेच शहर ठरल्याशिवाय अर्जही नीट भरता येत नाही.

निष्कर्ष

थंडीच्या दिवसांत वृद्ध आईवडिलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाने व्हिएन्ना निवडावे. वसंतात निघालेल्या, भरपूर चालू शकणाऱ्या आणि बेताने खर्च करणाऱ्या मित्रांनी प्राग निवडावे. संगीतासाठीच निघालेल्याने कोणताही ऋतू असला, तरी आधी व्हिएन्नातील कार्यक्रमांचे वेळापत्रक पाहावे. एकदा निवड झाली, की राहून गेलेल्या शहराची हळहळ बरोबर नेऊ नये. तीन दिवसांत एक पूल पहाटे आणि संध्याकाळी पाहिला, किंवा एका चित्रासमोर अर्धा तास उभे राहता आले, तर तो प्रवास अपुरा राहिला असे म्हणता येणार नाही.

शब्दार्थ

तटबंदी – शहराभोवतीची संरक्षक भिंत
संगीतिका – गायनातून सादर होणारे नाटक
सिनेगॉग – ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर
फरसबंदी – दगड बसवून केलेली जमीन

स्वाध्याय

१. तीन दिवसांत दोन्ही शहरे पाहू नयेत, असे लेखक का म्हणतो?
२. दरबार व्हिएन्नाला गेल्याचा प्रागच्या बांधणीवर कोणता परिणाम झाला?
३. 'दालनांचे शहर' आणि 'रस्त्यांचे शहर' या शीर्षकांचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. आपल्या माहितीतील कोणतीही दोन ठिकाणे घ्या. पाठातील चार प्रश्नांच्या आधारे त्यांपैकी एकाची निवड करा आणि आपली कारणे दहा-बारा ओळींत लिहा.