स्पिरिट ऑफ अमेरिका

स्पिरिट ऑफ अमेरिका : झोत एंजिनावर चालणारी विक्रमी मोटारगाडी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील क्रेग ब्रीडलव्ह (१९३७–२०२३) यांनी ती तयार करवून स्वतः चालविली. शिकागो येथील विज्ञान व उद्योग संग्रहालयात ती जतन केलेली आहे.

सामान्य मोटारगाडीत एंजिनाची शक्ती दंड व दंतचक्रे यांच्याद्वारे चाकांना मिळते आणि चाके व जमीन यांच्यातील घर्षणामुळे गाडी पुढे जाते. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चाकांची पकड मात्र मर्यादितच राहते. झोत एंजिनात आत ओढलेली हवा दाबून तीत इंधन जाळतात व तप्त वायूंचा झोत मागे फेकला जातो. न्यूटन यांच्या गतिविषयक तिसऱ्या नियमानुसार त्याच्या प्रतिक्रियेने गाडी पुढे रेटली जाते. चाकांकडे भार पेलणे, दिशा राखणे व गती रोखणे एवढेच काम उरते.

या गाडीत सेबर या लढाऊ विमानात वापरीत त्या प्रकारचे जे-४७ एंजिन होते. तिला पुढे एक व मागे दोन अशी तीन चाके आहेत. १९६२ मधील चाचण्यांत दिशानियंत्रण अपुरे ठरल्याने तिला उभा पुच्छपंख जोडण्यात आला. ५ ऑगस्ट १९६३ रोजी यूटा राज्यातील बॉनव्हिल येथील सपाट क्षारभूमीवर तिने परस्परविरुद्ध दिशांच्या दोन धावांत ताशी सु. ६५६ किमी. सरासरी वेग गाठला. जॉन कॉब यांचा १९४७ मधील उच्चांक ताशी सु. ६३४ किमी. होता. तथापि गाडी चार चाकांची नसल्याने व चाके एंजिनाने फिरत नसल्याने आंतरराष्ट्रीय मोटारगाडी महासंघाने हा विक्रम मानला नाही. मोटारसायकल महासंघाने मात्र तो तीनचाकी वाहनाचा म्हणून नोंदविला. मोटारगाडी कशास म्हणावे, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला. पुढे झोत गाड्यांच्या विक्रमांनाही मान्यता मिळू लागली.

१५ ऑक्टोबर १९६४ रोजी गाडीने ताशी सु. ८४७ किमी. वेगाचा उच्चांक केला. त्या धावेअखेर गती रोखणाऱ्या हवाई छत्र्या निकामी झाल्या व रोधकही जळाले. तारायंत्राचा खांब तोडून गाडी खाऱ्या पाण्याच्या डबक्यात कोसळली. ब्रीडलव्ह सुखरूप बचावले. वेग वाढविण्याइतकाच तो आवरण्याचा प्रश्नही बिकट असल्याचे यावरून दिसून आले. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी नेव्हाडातील वाळवंटात ‘थ्रस्ट एसएससी’ या ब्रिटिश झोत गाडीने ताशी सु. १,२२८ किमी. वेग गाठून ध्वनिवेगही ओलांडला.