घरचा सर्व्हर (लेखांक ६) : ८०८० नंबरचं दार

गेल्या आठवड्यात आपण व्हर्च्युअलबॉक्स बसवलं आणि उबुंटू सर्व्हर २४.०४ ची आयएसओ फाइल उतरवून घेतली. आज त्यातून आभासी मशिन (व्हीएम) उभं करायचं. ते काम तसं सरळ आहे. माणसं अडकतात ती त्यानंतर : आत वेब सर्व्हर नीट चालू असतो आणि बाहेर ब्राउझर मात्र पान उघडायला तयार नसतो.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा विंडोजवर झॅम्प टाकलं तर काय बिघडतं, असं अनेकजण विचारतात. शिकायला काही बिघडत नाही. पण साइट शेवटी बहुधा लिनक्सवर जाते. चित्राच्या फाइलचं नाव कॅपिटल ‘एल’ने सुरू होतं आणि कोडमध्ये तुम्ही स्मॉल ‘एल’ लिहिलाय, तर विंडोज ते चालवून घेतं. लिनक्स घेत नाही. मग गिऱ्हाइकासमोर साइट उघडताना लोगोच गायब. ही चूक घरीच सापडावी, यासाठी हे मशिन.

सुरुवात बायोसपासून. इंटेलच्या संगणकात ‘व्हीटी-एक्स’ आणि एएमडीच्या संगणकात ‘एसव्हीएम’ नावाचा पर्याय चालू हवा. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणलं, तेव्हा एका मेनफ्रेमवर अनेक आभासी मशिन चालत होती. आपल्या पीसीतले प्रोसेसर मात्र त्या हिशेबाने बांधलेच नव्हते. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने निव्वळ सॉफ्टवेअरच्या कसरतीने ते पीसीवर जमवलं. इंटेलने प्रोसेसरमध्येच सोय दिली ती २००५ मध्ये. व्हर्च्युअलबॉक्सने ६.१ पासून जुनी कसरत काढून टाकली, त्यामुळे हा पर्याय बंद असेल तर पुढे काहीच होणार नाही. विंडोजवर मशिन सुरू होऊनही रांगत असेल, तर खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का पाहा. ते दिसलं, तर विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही जागं आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या हाताखाली काम करावं लागतंय.

मशिनला २ जीबी रॅम, २ कोअर आणि २५ जीबी डिस्क पुरे. डिस्क ‘डायनॅमिक’ ठेवली की लागेल तशी वाढते; आतल्या फाइली पुसल्या म्हणून आपोआप आकसत मात्र नाही. ‘अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’ बंद ठेवा. नाहीतर व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच्या मनाने युजर तयार करतं आणि त्याला सुडोचे अधिकार नसतात. इन्स्टॉलरमध्ये ‘ओपनएसएसएच सर्व्हर’वर टिक करायला विसरू नका. बाकी सगळीकडे एंटर. मशिन सुरू झालं की ॲप्टने एंजिनएक्स टाका.

आता मुख्य भानगड. मशिनला मुळातच ‘नॅट’ नेटवर्क मिळतं आणि आतला पत्ता बहुधा १०.०.२.१५ असतो. हाच पत्ता तुमच्या दुसऱ्या व्हीएमलाही मिळेल, म्हणून तो ब्राउझरमध्ये टाकून उपयोग नाही. नॅट म्हणजे सोसायटीचा वॉचमन : आतून बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही, बाहेरून येणाऱ्याने मात्र फ्लॅट नंबर सांगायलाच हवा. तो नंबर आपण ‘पोर्ट फॉरवर्डिंग’मध्ये लिहून ठेवतो. नेटवर्क सेटिंगमध्ये दोन नियम घाला : होस्टचा (तुमच्या संगणकाचा) ८०८० गेस्टच्या (आतल्या मशिनच्या) ८० वर आणि होस्टचा २२२२ गेस्टच्या २२ वर. पहिला वेबसाठी, दुसरा एसएसएचसाठी. होस्टवर थेट ८० घेत नाही, कारण तो पोर्ट आधीच दुसऱ्या कुणी घेतलेला असू शकतो. शिवाय होस्ट लिनक्स असेल, तर १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युजरला मिळत नाहीत.

‘होस्ट आयपी’चा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. तिथे १२७.०.०.१ लिहा. रिकामा ठेवलात आणि फायरवॉलने अडवलं नाही, तर कॅफेच्या वायफायवरचा कुणीही तुमची अर्धवट साइट, तिच्या डीबग संदेशांसकट, पाहू शकेल.

एवढं करूनही जँगोचा किंवा व्हीटचा डेव्हलपमेंट सर्व्हर उघडत नसेल (त्याच्या पोर्टचा नियम वेगळा घालावा लागतो, हे धरून), तर तो आत १२७.०.०.१ वर ऐकत बसलेला असतो. फॉरवर्ड झालेली विनंती १०.०.२.१५ वर येते, तिथे ऐकणारं कुणी नसतं. सर्व्हर ०.०.०.० वर चालवा.

कोड कुठे ठेवायचा, यावर दोन मतं आहेत. शेअर्ड फोल्डर सोयीचा वाटतो : फाइल विंडोजमध्ये, चालते आत. माझा त्याला विरोध आहे. ‘नोड मॉड्यूल्स’मधल्या हजारो बारक्या फाइलींपुढे तो दमतो. होस्टवर फाइल बदलली, तरी लिनक्सला तशी सूचना जात नाही, म्हणून आपोआप रीलोड होणं थांबतं. सर्वांत वाईट म्हणजे एंजिनएक्सचं ‘सेंडफाइल’ चालू असेल, तर तुम्ही सीएसएस बदलत राहता आणि ब्राउझरला जुनीच मिळत राहते. माणूस कॅशला शिव्या देत बसतो. शेअर्ड फोल्डरच हवा असेल, तर सेंडफाइल बंद करा. त्यापेक्षा कोड व्हीएमच्या आत ठेवावा आणि व्हीएस कोडच्या रिमोट एसएसएचने २२२२ वरून उघडावा.

आणखी एक बारीकशी गोष्ट. उबुंटू सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असतं, त्यामुळे लॉगमधली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे दिसेल. मी ती बदलत नाही. खऱ्या सर्व्हरवरही बहुधा तशीच असते.

सगळं चाललं की मशिन बंद करून एक स्नॅपशॉट घ्या. पुढे पीएचपीच्या आवृत्त्यांचा गोंधळ झाला, तर क्षणात इथवर परत येता येईल. फक्त त्याला बॅकअप समजू नका. स्नॅपशॉट त्याच लॅपटॉपच्या त्याच डिस्कवर पडलेला असतो. कोड गिटवर गेलाच पाहिजे.

ॲपलच्या एम-मालिकेचे मॅक वापरणाऱ्यांनी आयएसओ एआरएमची घ्यावी आणि व्हर्च्युअलबॉक्स ७.१ किंवा त्यापुढचं. पुढच्या आठवड्यात आज हाताने भरलेल्या या सगळ्या सेटिंग एकाच मजकूर-फाइलीत लिहून काढू. मिचेल हाशिमोतोने २०१० मध्ये काढलेलं वॅग्रंट त्यासाठीच आहे. तोवर ८०८० वर एंजिनएक्सचं स्वागताचं पान दिसतंय ना, तेवढं पाहून ठेवा.