सल्ला नको, फक्त ऐक ना!

‘अगं, सोडून दे त्याला!’ ‘जॉब बदल, सिंपल!’ ‘जिम लाव, बरं वाटेल.’ समोरच्यानं प्रॉब्लेम सांगायला तोंड उघडलं रे उघडलं की आपली अशी बॅटिंग सुरू होते. सल्ले काय, फुकट मिळतात. ऐकणारा कान मात्र शोधावा लागतो. असा कान फोनच्या पलीकडे बसवला तो लंडनच्या एका ख्रिस्ती धर्मगुरूनं. गंमत बघा, ज्याचं कामच उपदेश करणं, त्यानंच ठरवलं की इथे उपदेश बंद!

ती 14 वर्षांची होती

त्यांचं नाव चॅड व्हारा. 1935 मध्ये लिंकन गावात धर्मगुरू म्हणून त्यांनी पहिला अंत्यविधी केला, तो एका 14 वर्षांच्या मुलीचा. तिला पाळी सुरू झाली होती. पाळी म्हणजे काय, हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला गुप्तरोग झालाय, असं समजून तिनं जीव दिला. तिला विचारता येईल असं एक जरी माणूस जवळ असतं तर?

हा प्रश्न व्हारांच्या डोक्यातून गेला नाही. 1953 मध्ये लंडनचं सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्च त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी तिथे निराश माणसांसाठी फोन सुरू केला. 2 नोव्हेंबरला पहिला कॉल आला. ‘डेली मिरर’नं त्यांना ‘टेलिफोनवरचा चांगला शोमरोनी’ ठरवलं आणि ‘समॅरिटन्स’ हे नाव चिकटलं ते कायमचंच.

चहाची कमाल

फोनपाठोपाठ लोक प्रत्यक्षही यायला लागले. व्हारांना भेटेपर्यंत त्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला व्हॉलंटिअर्स असत. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं, बरेच जण चहावाल्यांशीच मन मोकळं करतात आणि त्यांना न भेटताच हलके होऊन घरी जातात! फेब्रुवारी 1954 मध्ये त्यांनी ऐकण्याचं काम सरळ व्हॉलंटिअर्सवर सोपवलं. आज ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये समॅरिटन्सच्या अनेक शाखा आहेत.

मग देव कुठे गेला?

बायबलमधली चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आठवा. रस्त्यात एक जखमी पडलाय. याजक बघून पुढे जातो, लेवीही जातो. थांबतो तो परका शोमरोनी. तो जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो, खर्च देतो. तुझा धर्म कोणता, हे विचारत नाही. व्हारांनी नेमकं हेच उचललं. फोन करणाऱ्यावर धर्म लादायचा नाही, हा नियम एका धर्मगुरूनं घातला.

हे मी जवळून बघितलंय. दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली, तेव्हा निम्म्या मित्रमंडळींनी सीव्ही अपडेट करायला सांगितलं. वसईची एक मैत्रीण मात्र मला टपरीवर घेऊन गेली. ती दर रविवारी न चुकता चर्चला जाते. दीड तास मी बोलत होते, ती ऐकत होती. देवाचं नाव तिनं एकदाही काढलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, ‘उद्या फोन करते.’ आणि केलाही! त्या कटिंगनं नोकरी काही मिळाली नाही, पण त्या रात्री झोप लागली.

ऐकताय ना? मग एवढं करा

• मोबाइल सायलेंटवर आणि बॅगेत.
• ‘माझ्या वेळी तर...’ ही टेप लावू नका.
• मध्येच शांतता पसरली तर पसरू द्या.
• ऐकलेलं ऑफिसच्या कँटीनमध्ये पोचता कामा नये.
• ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं थेट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.
• उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि 14416 लावा. ‘टेली-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन 2022 पासून सुरू आहे. ती 24 तास चालते, फुकट आहे आणि मराठीतही बोलते.

आणि हो, ‘उद्या फोन करते’ म्हणालात, तर उद्या खरंच करा.